हद्दीची अट

"हे राहू द्या तुमच्यापाशीच," असं म्हणत सोविंदा वलथरेनं जामिनाचे कागद टेबलावरून माझ्याकडे परत सरकवले. मग वकीलपत्र जवळ ओढलं, पेनचं टोपण काढलं आणि विचारलं, "दिल्लीच्या अपिलावर सही कुठं करू?"

जिल्हा कारागृहाच्या कार्यालयाला लागून असलेल्या खोलीत आम्ही बसलो होतो. शेजारच्या टेबलावर जेलर कसले तरी कागद चाळत होते, म्हणजे कान आमच्याकडे लावून बसले होते. त्यांना हसू आवरेना. मॅडम, हा सरकारचा जावई आहे, ते म्हणाले, जामीन मंजूर होऊन वर्ष होत आलं तरी सासर सोडायचं नाव घेत नाही. सोविंदाही त्यांच्याबरोबर हसला. चाळिशीचा, खांद्यात रुंद, उन्हानं रापलेला माणूस, आणि स्वतःच्या ओसरीवर बसल्यासारखा निवांत. मला मात्र हसू येत नव्हतं.

वकिली सुरू करून मला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. विधी सेवा समितीनं हे प्रकरण माझ्या गळ्यात घातलं, कारण दुसऱ्या कोणी ते हातात धरलं नसतं. पण त्यात सर्वोच्च न्यायालयाचं नाव होतं आणि तेवढ्यानं मी हुरळून गेले होते. दिल्लीत उभं राहून बोलणारे वकील वेगळे असतील, मी फक्त इथे कागद तयार करायचे, हे पक्कं माहीत असूनही मी काळा कोट ड्रायक्लीनिंगला टाकला होता. आईनं शेजारच्या तिघी-चौघींना सांगूनही टाकलं होतं की आमची रोहिणी दिल्लीला केस लढतेय.

प्रकरण तसं साधं होतं. भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात बोडीटोला नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या मालगुजारी, म्हणजे जमीनदारांच्या काळी बांधलेल्या तलावात गावातले ढीवर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करतात. एका सकाळी तालुक्याच्या ठेकेदाराची माणसं मोठं जाळं घेऊन तलावात उतरली. गावकऱ्यांनी अडवलं, झटापट झाली आणि ठेकेदाराच्या मुकादमाचं डोकं वल्ह्यानं फुटलं. वल्हं कोणाच्या हातातलं होतं हे त्या गर्दीत कोणालाच नीट दिसलं नाही. नाव सोविंदाचं आलं, कारण सगळ्यांच्या पुढे तो उभा होता. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लागला आणि तो कच्चा कैदी म्हणून आत गेला. काही महिन्यांनी सेशन कोर्टानं जामीन दिला. अट एकच, नेहमीची: खटला संपेपर्यंत आरोपीनं तालुक्यात पाऊल ठेवायचं नाही. त्याचा साळा शेजारच्या जिल्ह्यात राहायचा, तो जामीनदार व्हायला आणि याला घरात ठेवून घ्यायला तयार होता. जातमुचलक्यावर सही केली की सोविंदा बाहेर. त्यानं सही केली नाही.

त्याऐवजी त्यानं जेलमधून हायकोर्टाला अर्ज पाठवला, हेबिअस कॉर्पसचा. एखाद्याला बेकायदा डांबून ठेवलं असेल तर त्याला कोर्टापुढे आणा आणि सोडा, असा तो अर्ज असतो. हायकोर्ट म्हणालं, हा माणूस कोर्टाच्या आदेशानं आत आहे, यात बेकायदा काही नाही. त्यानं दुसरा पाठवला. तो फेटाळताना न्यायमूर्तींनी थोडं वैतागून लिहिलं होतं की जामीन मंजूर आहे, बाहेर न येणं ही अर्जदाराची स्वतःची मर्जी आहे, अट जाचक वाटत असेल तर ती बदलून घ्यायला त्यानं सेशन कोर्टात जावं. आता त्या दोन्ही निकालांवर त्याला दिल्लीत अपील करायचं होतं.

मी त्याला समजावायचा प्रयत्न केला. या अर्जाचं वेड त्याच्या डोक्यात कुठून शिरलं तेही मला कळलं होतं. त्याच्या बराकीत नागपूरचा एक दादा होता. त्याला खटला न चालवता, नुसत्या सरकारी आदेशावर स्थानबद्ध केलं होतं. तशा माणसाला हेबिअस हाच रस्ता असतो आणि त्याच रस्त्यानं तो सुटला. जाताना अर्जाची नक्कल मागे ठेवून गेला. तेव्हापासून सगळी बराक त्या नकलेवर नाव बदलून अर्ज करत होती. दुखणं वेगळं आणि औषध शेजाऱ्याचं, असला प्रकार.

"तो गेला तवा त्याच्यावर कोनती अट होती?" सोविंदानं विचारलं.

"कोणतीच नाही."

"सरळ आपल्या घरी गेला?"

"गेला असेल."

"मंग मले बी तोच कागद पायजे."

मी म्हटलं, ठीक आहे, आपण अट काढून टाकायचा अर्ज करू, पण त्याला कारण द्यावं लागेल. तालुक्याबाहेर राहायला तुम्हाला काय अडचण आहे? घरी कोणी आजारी आहे का? त्यानं मान हलवली. शेती आहे का? नाही. मग काय लिहू?

"लिहा, घराची आठवन येते," तो म्हणाला.

जेलर खो खो हसले. मी मात्र चिडले. मी त्याला स्पष्ट सांगितलं की दिल्लीच्या अपिलाला दोन-तीन वर्षं सहज लागतील, आणि शेवटी तिथले न्यायाधीशही हेच म्हणतील, की दार उघडं आहे, बाहेर जा. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग वकीलपत्रावर एकेक अक्षर कोरत सही केली आणि म्हणाला, "लागू द्या. मी बसलोच हावो."

मी बाहेर आले तेव्हा डोकं तापलं होतं. फाटकासमोर मुलाखतीला आलेल्या नातेवाइकांची रांग होती. तिच्यातून एक बाई निघून माझ्या मागे आली. उंच, हाडापेरानं मजबूत, हातात कापडी पिशवी. मी पारबता, सोविंदाची बायको, असं तिनं सांगितलं आणि सही केली का, असं विचारलं. अपिलावर केली, जामिनावर नाही, असं मी म्हटल्यावर तिनं मान डोलावली. तिला वाईट वाटलेलं दिसलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की हे दोघं मिळून काहीतरी लपवतायत.

मी तिला समोरच्या चहाच्या टपरीवर नेलं. चहा आला. आधीच्या वकिलानं सांगितलंय, कोणाला बोलायचं नाही, एवढंच म्हणाली. मी म्हटलं, आता त्यांची वकील मी आहे. मला अंधारात ठेवून तुम्ही त्यांना बाहेर काढणार कसे? तिनं बशीतला चहा संपवला, पदरानं तोंड पुसलं आणि सांगायला लागली.

तलाव सरकारचा, भाडेपट्टा मच्छीमार सोसायटीचा, पण कोणी किती जाळी टाकायची हे गाव ठरवतं. दर पोळ्याला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सगळे बसतात आणि वाटे पडतात. त्या दिवशी जो गडी गावचा रहिवासी असेल त्याला वाटा. आजारी असला, दवाखान्यात असला, तरी चालतं. त्याच्या नावानं भाऊबंद जाळं टाकतात आणि मासळी घरपोच देतात. जेलमध्ये असला तरी चालतं, कारण तो आपल्या पायानं गेलेला नाही, त्याला नेलंय. मागच्या पोळ्याला सोविंदाचा वाटा असाच राहिला होता आणि त्यावरच पारबताचं घर चाललं होतं. पण जो दुसऱ्या गावी जाऊन राहतो, मग कारण कोणतंही असो, तो गेला. त्याचा वाटा सुटतो, आणि सुटलेल्या वाट्याचा लिलाव होतो. लिलावात बाहेरच्यालाही बोली लावता येते.

"एक डाव वाटा गेला की परत भेटत नाही," पारबता म्हणाली. "आमच्या गावातले तिघं बांधकामाले नागपूरले गेले. दोन सालानं आले. तिघायचे वाटे ठेकेदारापाशी हायेत. आता त्याच्याच जाळ्यावर रोजीनं जातेत."

मी विचारलं, तुमच्या नावावर वाटा राहणार नाही का? तुम्ही तर गावातच आहात.

"बाईले भेटते. विधवा असली त भेटते." तिनं कप खाली ठेवला. "तो मेला असता त वाटा वाचला असता. जित्ता हाये हेच वांदं हाये."

हे तिनं अगदी सरळ सुरात सांगितलं. मग हे कोर्टाला का सांगितलं नाही, असं मी विचारलं, आणि विचारतानाच उत्तर मला कळलं. आधीचा वकील म्हणाला होता ते बरोबरच होतं. या माणसाचा तलावात एवढा जीव अडकलाय हे आपणच कोर्टाला सांगितलं, तर मुकादमाचं डोकं कोणी आणि का फोडलं याचं उत्तर सरकारी वकिलाला आयतं मिळणार. म्हणून नवरा आत गप्प होता आणि बायको बाहेर गप्प होती. मी त्याला अडाणी समजून तासभर कायदा शिकवत होते. तो तिथे बसून घर सांभाळत होता.

पोळा तोंडावर आला होता. जेलमध्ये राहिला तर वाटा राहील, पण असा किती पोळे राहणार? आणि गावही किती दिवस त्याच्या नावानं जाळं टाकणार? यंदा दोघा-तिघांनी कुरकुर केलीय, असं पारबतानं जाता जाता सांगितलं. ते ठेकेदाराच्या दावणीला बांधलेले होते.

त्या संध्याकाळी मी अपिलाचे कागद लिहायला घेतले आणि पुढे जाईना. सोविंदाच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मनातून जात नव्हतं. मग सहज सेशन कोर्टाचा जामिनाचा आदेश पुन्हा वाचला. ती अट का घातली याचं कारण त्यात एका ओळीत दिलं होतं: आरोपीनं साक्षीदारांवर दबाव आणू नये म्हणून. मी साक्षीदारांची नावं आणि पत्ते बघितले. मुकादम, त्याची माणसं आणि ठेकेदार, सगळे तालुक्याच्या गावचे. बोडीटोल्यात राहणारा एकही साक्षीदार सरकार पक्षाकडे नव्हता. गावातलं कोणी ठेकेदाराच्या बाजूनं बोलायला पुढे आलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सरकारी वकील खंडाईतसाहेबांना बार रूममध्ये गाठलं. ते भले गृहस्थ होते, पण फिर्यादी ठेकेदार त्यांच्याकडे वारंवार येऊन त्या अटीची चौकशी करायचा, हे त्यांच्या बोलण्यातून निघालं. जामिनाला माझी हरकत नाही, अट तेवढी पक्की ठेवा, असं तो म्हणायचा. इतका उदार फिर्यादी मी पाहिला नव्हता, खंडाईतसाहेब म्हणाले. मी त्यांना विचारलं, तुम्हाला आरोपी साक्षीदारांपासून लांब हवाय ना? ते म्हणाले, हो. मग साक्षीदार आहेत तालुक्याच्या गावी. आरोपीला त्याच्या गावात कोंडून घातलं तर तो त्यांच्यापर्यंत पोहोचेल कसा? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"बोरकुटे मॅडम, तुम्ही त्याची अट हलकी करताय की जड?"

"जड," मी म्हटलं.

अट बदलायचा अर्ज मी सेशन कोर्टात टाकला. सुनावणीला सोविंदाला पोलीस बंदोबस्तात आणलं. पारबता मागच्या बाकावर बसली होती आणि दुसऱ्या टोकाला ठेकेदार, पांढऱ्या सफारीत. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं, कारण जमेल याची मलाच खात्री नव्हती. तिचा जीव टांगणीला लागलेला मला दिसत होता.

मी जज्जसाहेबांना सांगितलं की साक्षीदारांच्या संरक्षणासाठी उलट अट अधिक उपयोगाची आहे. आरोपी परजिल्ह्यात राहिला तर तो कुठे जातो, कोणाला भेटतो यावर लक्ष ठेवणारं कोणी नाही. त्याऐवजी त्यानं बोडीटोला गावाची हद्द सोडायची नाही आणि दर आठवड्याला पोलीस पाटलाकडे हजेरी द्यायची, अशी अट घालावी. वाट्याबद्दल, पोळ्याबद्दल मी एक अक्षर काढलं नाही. खंडाईतसाहेब उभे राहिले आणि हरकत नाही म्हणाले.

ठेकेदार जागचा उठला. त्याच्या सगळं लक्षात आलं होतं. तो खंडाईतसाहेबांच्या मागे येऊन कुजबुजायला लागला. जज्जसाहेबांनी विचारलं, फिर्यादीचं काय म्हणणं आहे? खंडाईतसाहेबांनी त्यालाच बोलायला सांगितलं. तो म्हणाला, आरोपी गावात नको. का नको? तर धोका आहे. कोणाला धोका आहे? तुमचा एकही साक्षीदार त्या गावात राहत नाही. ठेकेदार गप्प झाला. खरं कारण सांगायचं तर सोविंदाच्या सुटणाऱ्या वाट्यावर आपला डोळा आहे हे कबूल करावं लागलं असतं, आणि त्याला स्वतःला ते परवडणारं नव्हतं. सोविंदाला गप्प बसवणारी तीच अडचण त्या दिवशी त्यालाही आडवी आली. मला इतका आनंद झाला की मी खाली बघून कागद नीट करत राहिले.

जज्जसाहेबांनी सोविंदाकडे बघितलं. "वलथरे, नीट समजून घ्या. बाजाराला जाता येणार नाही. लग्नाकार्याला जाता येणार नाही. कोर्टाच्या तारखेखेरीज हद्द ओलांडली तर थेट आत. मान्य आहे?"

सोविंदानं आधी माझ्याकडे बघितलं, मग मागे पारबताकडे. ती उभी राहिली होती.

"हे लेखी देता का, साहेब?" त्यानं विचारलं.

"लेखीच असतं."

"खटला कवा संपन?"

"बरीच प्रकरणं पुढे आहेत. वेळ लागेल."

"काही घाई नाही, साहेब," सोविंदा म्हणाला.

पोळ्याच्या आत तो घरी पोहोचला. दिल्लीचं अपील मी पाठवलं नाही. तसं त्याला सांगितलं तेव्हा त्याला त्याचं काहीच वाटलं नाही, मलाच थोडं वाटलं. आईनं शेजारी काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

पुढची सगळी वर्षं तो आदेश प्लास्टिकमध्ये घालून त्यानं घराच्या दाराशी टांगून ठेवला होता. ठेकेदारानं त्याला हलवायला नाना खटपटी केल्या. कोणाकडून तरी तहसीलला तक्रार करून बोलावणं धाडलं, तर सोविंदानं आलेल्या शिपायाला दाराशी नेऊन आदेश वाचायला लावला. सोसायटीची सभा तालुक्याला घ्यायचं ठरलं, तेव्हा कोर्टानं एका सभासदाला बांधून ठेवलंय, सभा इथेच घ्या, म्हणून गाव अडून बसलं. आपल्याला हलवता येत नाही हे एकदा कळल्यावर त्याच्या शब्दाला वजन आलं. नागपूरहून परतलेल्या त्या तिघांपैकी एकाचा वाटा त्यानं भांडून परत मिळवून दिला. मुलीचं लग्न नवऱ्या मुलाच्या गावी ठरलं, तेव्हा मी म्हटलं, एका दिवसाची परवानगी काढून देते. त्यानं नको म्हटलं. वऱ्हाड बोडीटोल्याला आलं आणि मंडप तलावाच्या पाळीवर पडला. मी जेवायला गेले होते. तिथली मासळी खाल्ल्यावर वाटलं, या चवीसाठी माणूस जेलमध्ये बसू शकेल.

खटला उभा राहिला तोवर माझे केस पिकायला लागले होते. मुकादमानं साक्षीत सांगितलं की वल्हं कोणी मारलं ते त्यानं पाहिलं नाही. सोविंदा निर्दोष सुटला. ठेकेदार तोवर थकला होता. त्या दिवशी त्याचा मुलगा आला होता, बापापेक्षा गोड बोलणारा आणि बापापेक्षा हुशार. निकाल ऐकून त्यानं सोविंदाच्या पाया पडल्यासारखं केलं आणि काकाजी, जुनं विसरा, म्हणाला.

कोर्टाच्या आवारात मी सोविंदाचं अभिनंदन केलं. माझ्या इतक्या वर्षांच्या वकिलीत हा एक माणूस मी खरोखर घरी पोहोचवला होता, असं मला वाटत होतं. मी त्याला म्हटलं, आता तुमच्यावर कसलंही बंधन नाही, हद्दीची अटही संपली, हवं तिथे जा, हवं तिथे राहा, कोणी विचारणार नाही. पारबताच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. सोविंदानं फाटकाकडे बघितलं. तिथे ठेकेदाराचा मुलगा आपल्या गाडीला टेकून फोनवर बोलत होता.

"म्हनजे मी गावातच राहावं, असा कोर्टाचा हुकूम आता नाही?"

"नाही. तुम्ही मोकळे झालात."

तो एक पाऊल पुढे आला आणि इतरांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाला, "मॅडम, ह्या निकालावर अपील करता येते का?"

मी हसले. तो मात्र उत्तराची वाट बघत उभा होता.